बरणीतला पाहुणा

छकुलीला जरा कोवळ्या उन्हात बसवावं, एवढंच मी ठरवलं होतं. (मी काही ठरवलं की घरातले आधी चपला शोधून ठेवतात.)

हल्ली आमच्या बागेत केसाळ सुरवंट फार झालेत. काळे, पिवळे, एक तर चक्क मिशीवाला. त्यातले खाजरे कुठले नि गरीब कुठले, हे सातवीपर्यंतच्या पुस्तकात काही आलं नव्हतं. म्हणून मी जागा झाडून, छकुलीला सतरंजीवर बसवून टॉवेल आणायला वळले. परत येते तर तिच्या मांडीपाशी नारिंगी, गुबगुबीत, केसच केस असलेला एक जीव! तिच्या ओठांना दोन नारिंगी केस चिकटलेले. गाल लालबुंद.

मी धावत जाऊन बरणी आणली. चिमट्याने त्याला बरणीत घातला, झाकणाला भोकं पाडली, बागेतून निवडून एक कोवळं पानही टाकलं. (विषारी असला म्हणून काय उपाशी मारायचा?)

सासूबाईंनी चष्मा लावला. "असला रंग जन्मात बघितला नाही. जहरीच असणार मेला!"

"हलत का नाही गं हा?" ह्यांनी विचारलं.

"दबा धरून बसलाय!" मी म्हटलं.

शेजारचे मास्तर कुंपणावरून म्हणाले, "कोषात जायची तयारी आहे त्याची. हलवू नका, चिडेल."

झालं! छकुली माझ्या कडेवर, बरणी ह्यांच्या लांब धरलेल्या हातात, मागून सतरंजीवरची टोपी-दुपटी पिशवीत कोंबून सासूबाई, अशी आमची वरात दवाखान्यात.

"डॉक्टर, आधी हा कुठला ते सांगा, पोरीने चाखलाय!"

डॉक्टरांनी झाकण काढून त्याला सरळ बोटांनीच उचलला. हे एका उडीत दारापाशी. डॉक्टरांनी एक केस ओढला, तो हातभर लांब निघाला.

"ताई, ही लोकर आहे. टोपीचा गोंडा. पोरगी छान आहे, दात येतोय म्हणून गाल लाल."

सासूबाईंनी पिशवीतून टोपी काढली. शेंडा बोडका! मला हसू का रडू झालं. पण डॉक्टर थांबेनात. "एवढा कच्चा गोंडा बांधला कोणी?"

"सासूबाईंनी," मी बोलून गेले.

"हो का?" सासूबाईंनी टोपी उलटी केली. "मग आतलं 'आईने विणली' हे भरतकामपण मीच केलं वाटतं!"

मी खाली मान घालून बरणी उचलली. पानाच्या मागून एक काळा, केसाळ, चांगला जिवंत सुरवंट डोकावत होता.

"आणि हा हो?" डॉक्टर मागे सरकले.

दारातून हे म्हणाले, "तो मात्र हिनेच निवडून आणलाय, डॉक्टर."