भिंतीपलीकडचा ढोक

लग्नाच्या पंगतीत नवरीची आई जिलबी वाढत आली, की मनोहर ढोक मान वर करून विचारतो, "वहिनी, छातीची तपासणी झाली का?" बाई लाजून तशीच पुढं सरकते. शेजारच्या पानावर मी असतो. माझीही जिलबी जाते.

रायपूरच्या तात्यापाऱ्यात ढोकचं घर आणि माझं, मधात एकच भिंत. माणूस रेल्वेतून रिटायर झालेला. लोक राम राम म्हणतात, हा "तपासलं का?" म्हणतो. भाजीवालीले, शिंपिणीले, एकदा तर मोठ्या साहेबाच्या बायकोले. राज्य नवीन झालं, रायपूर राजधानी झाली, तेव्हापासून आरोग्य खात्यातले साहेब बदलत राहिले; ढोकची मागणी बदलली नाही. छातीच्या कॅन्सरच्या सरकारी शिबिरात पन्नाशीच्या पुढच्याच बायांना मशीनवर घेतात, ते चाळीशीपासून घ्या. झालं. पोट्ट्या त्याले पाहून गल्ली बदलतात.

मले हा माणूस पाहवत नाही. त्याची बायको जिवंत आहे, म्हणून. सुमनवहिनीची गाठ लवकर सापडली, ऑपरेशन झालं, आज ती उन्हात पापड वाळवून राहिली. माझी मंदा गेली. भिंतीतून त्या दोघांचं भांडण ऐकू यायचं. चहात साखर काहून कमी, चष्मा कुठं ठेवला. मी ऐकत बसायचो आणि जळायचो. मग तेही बंद झालं. म्हटलं, एवढं सुख, की भांडायलेही काही उरलं नाही याले.

परवा त्यानं मले नव्या रायपूरले साहेबाच्या ऑफिसात ओढून नेलं. "तुम्ही फक्त बसा, वामनभाऊ." मले वाटलं, आता माझ्यासमोर आपल्या नशिबाची जाहिरात करेल.

साहेब म्हणाले, "आपकी मिसेज़ तो ठीक हैं न? फिर क्यों परेशान होते हैं?"

"मेरी ठीक है साहब. इनकी मिसेज़ और मेरी, दोनों एकच लाइन में खड़ी थीं. मेरी को अंदर लिया. भाभी को बोले, उमर नहीं हुई, बाद में आना. गाँठ ने उमर नहीं पूछी, साहब."

मंदा त्या दिवशी हसतच घरी आली होती. म्हणे, मी अजून जवान आहे, सरकारनंच सांगितलं.

साहेब "देखते हैं" म्हणाले. नेहमीसारखे.

परत आलो तर ढोकनं मले त्याच्याच घरात नेलं. वहिनीनं कुजबुजत विचारलं, "चहा ठेवू का?"

"वहिनी, घसा बसला का?" मी म्हटलं.

तिनं नवऱ्याकडं पाहिलं. "नाही हो. हेच म्हणतात, हळू बोल. भाऊ एकटे आहेत तिकडं, आपला आवाज जाऊ देऊ नको."

ढोक खाली बसून चपला नीट लावत राहिला. चांगल्याच लावलेल्या होत्या.

मी चहा घेतला. साखर कमीच होती.

"ढोक," मी म्हटलं, "सांग ना बायकोले साखरेचं. जोरात सांग. माझ्या घरात आजकाल काही ऐकू येत नाही."