उजवा पंजा वर, म्हणजे ढाल

माणूस दोन पायांवर उभा राहिला आणि त्याची प्रगती सुरू झाली, असं शाळेत शिकवतात. त्याला पुन्हा बसायला मिळालं तेव्हा ती पूर्ण झाली, हे मात्र शिकवत नाहीत. मी कचेरीत आवक-जावक सांभाळतो, त्यामुळे बसण्याचं मोल मला कुणी सांगायला नको.

माझा धाकटा भाऊ चष्म्याच्या दुकानात काचा बसवतो आणि उरलेला वेळ व्हिडिओ गेम खेळतो. या क्षेत्रात त्याचा अधिकार मोठा आहे. ज्यांनी त्याला कधी पाहिलेलं नाही अशी देशोदेशीची मंडळी त्याला सेनापती म्हणतात. घरात आम्हीही तेच म्हणतो (आधी चेष्टेने, मग सवयीने, हल्ली जपून).

जो एका जागी बसून दोन अंगठ्यांनी जग जिंकतो आणि पाणी दुसऱ्याला आणायला लावतो, तो निष्ठावंत खेळाडू. या व्याख्येत सेनापतीची बरीच वर्षं सुखाने गेली. मग कंपनीने त्याच खेळाची नवी आवृत्ती काढली. तिच्यात बटणं नाहीत. टीव्हीवर कॅमेरा बसतो, आणि खेळाडूने उभं राहून हात हलवायचे व तोंडाने आज्ञा द्यायच्या. हात फिरवला की तलवार फिरते. उजवा पंजा वर धरला की ढाल. "हल्ला" म्हटलं की सैन्य निघतं, "माघार" म्हटलं की परततं. घरोघरी बसून राहिलेल्या माणसांनी जरा हलावं, बोलावं, असा कंपनीचा उदात्त हेतू होता. तो अंशतः सफल झाला. आमच्या घरात एक माणूस हलू लागला आणि चार माणसं थांबली.

याचं कारण निव्वळ तांत्रिक आहे. कॅमेरा निःपक्षपाती असतो. समोर हलेल तो खेळाडू, बोलेल तो हुकूम, एवढंच त्याला कळतं. पहिल्याच आठवड्यात बाबांनी टीव्हीसमोर उभं राहून अंगातला सदरा काढला आणि सेनापतीच्या सैन्याने स्वतःचाच किल्ला पाडला. दुसऱ्या दिवशी आई फोनवर मावशीशी हातवारे करत बोलत होती, तेवढ्यात सगळं घोडदळ नदीत उतरलं (विषय मावशीच्या गुडघ्याचा होता). सबब, पुढील व्यवस्था लागू करण्यात आली. सायंकाळी सात ते दहा या वेळेत बैठकीच्या खोलीतून जाणाऱ्याने कॅमेऱ्याच्या नजरेखालून, म्हणजे ओणवं होऊन जावं. ज्यांना ओणवं होता येत नाही (आई) त्यांनी आपण कुठल्या खोलीत राहणार ते सातच्या आधी ठरवावं. पंखा बंद राहील, कारण पडदा हलतो. खोकल्याची उबळ आल्यास (बाबा) न्हाणीघर गाठावं. काही बोलायचंच असेल तर दहानंतर बोलावं. मात्र तोवर सेनापतीचा घसा बसलेला असतो, तेव्हा उत्तराची अपेक्षा ठेवू नये.

या व्यवस्थेचे फायदे नाकारणं हा कृतघ्नपणा होईल. बाबांची कंबर मोकळी झाली. घरातली भांडणं नव्वद टक्क्यांनी घटली, उरलेली दहा टक्के आम्ही खाणाखुणांनी भागवली (तीही स्वयंपाकघरात, दार लोटून). पण खरं यश ढालीचं. ती हळूहळू खेळाबाहेर आली. आईने जेवताना भात वाढू का विचारलं, की पंजा वर. दुकानात गिऱ्हाईक म्हणालं की या चष्म्यातून दोन-दोन दिसतंय, पंजा वर. सेनापती वळूनही बघत नसे. इतकी भक्कम ढाल मी कचेरीतसुद्धा पाहिलेली नाही, आणि आमच्याकडे त्या बाबतीत जाणकार मंडळी आहेत.

आता सेनापतीच्या बायकोविषयी. माझी ही भावजय रुग्णालयात परिचारिका आहे. तिला दुसऱ्या गावच्या रुग्णालयात मुख्य परिचारिकेची जागा देऊ केली होती. शनिवारी रात्रीपर्यंत होय की नाही ते कळवायचं होतं. ही गोष्ट घरात सगळ्यांना ठाऊक होती. सेनापतीला नव्हती, कारण ती सांगायला गेली की ढाल वर व्हायची.

"दादा, तुम्ही सांगून बघता का त्याला?" ती मला म्हणाली.

मी सांगून बघितलं. पंजा वर झाला. कचेरीतला अनुभव गाठीशी असल्याने मी विषय पुढील बैठकीवर ढकलला. मला तिचं खरंच वाईट वाटलं, पण वाईट वाटण्याला कार्यवाही म्हणत नाहीत.

शनिवारीच स्पर्धेचा अंतिम सामना होता. हरला तर सेनापतीपद जाणार, म्हणून आम्ही सगळे आपापल्या जागी थिजून बसलो होतो. भावजय कामावरून आली. ओणवी न होता सरळ चालत आली आणि त्याच्या मागे उभी राहिली.

"मला दुसऱ्या गावी मोठी जागा देतायत," ती म्हणाली.

पंजा वर झाला. पण यंत्राची एक खोड आहे. जे कानी पडेल ते टीव्हीच्या तळाशी अक्षरांत उमटतं, आणि ते आज्ञेत बसत नसेल तर यंत्र तसं सांगतं. तिचं वाक्य उमटलं, आणि त्याखाली आलं: आज्ञा समजली नाही. कृपया पुन्हा सांगा.

भावजय थबकली. महिनाभरात या घरात तिला पुन्हा सांग म्हणणारं हे पहिलंच कुणी होतं, तेही कृपया म्हणून. ती नवऱ्याला सोडून यंत्राशीच बोलू लागली.

"दोन वर्षांसाठी आहे. आज कळवायचंय."

कृपया पुन्हा सांगा.

"एकटीने जायचं, की दोघांनी जायचं, एवढंच विचारायचं होतं."

कानांनी ऐकणं सेनापतीने केव्हाच सोडलं होतं. पण टीव्हीच्या तळाशी आलेली अक्षरं वाचणं हा निष्ठावंत खेळाडूचा धर्म आहे. त्याने वाचली. समोर शत्रू दरवाजा फोडत होता. पंजा हळूहळू खाली आला, ढाल पडली, आणि शत्रूने आपल्या कर्तव्यानुसार किल्ला घेतला.

"कुठल्या गावी?" बसलेल्या घशाने सेनापती म्हणाला. "आणि हे तू मला आधी का नाही सांगितलंस?"

 भावजयीने उजवा पंजा वर धरला.

आई उठली, कॅमेऱ्यासमोरून ताठ चालत गेली आणि तिने पंखा लावला. बाबा मनसोक्त खोकले. सेनापती आणि भावजय खाली सतरंजीवर बसून बोलत राहिली. यंत्र प्रत्येक वाक्याला पुन्हा सांगा म्हणत होतं, आणि आज सेनापतीही तेच म्हणत होता.

कंपनीने ढाल तेवढी रद्द करावी, अशी शिफारस मी करणार होतो. पण ढालीला यंत्र लागतं हा माझा समज चुकीचा निघाला. मघाशी, बाबा सदरा काढत होते त्या सुमारास, तुम्हाला दारातून कुणीतरी काहीतरी विचारलं. तुम्ही हे वाचता वाचता, मान वर न करता, पंजा वर केलात. दारात आता कुणी नाही. तुमच्याकडे ते यंत्र असतं, तर त्याने निदान कृपया पुन्हा सांगा म्हटलं असतं.