सिक्स्टेनने न केलेला फोन

सामूहिक निवासव्यवस्था सुरळीत चालण्यासाठी किमान एका रहिवाशाची मनःशांती ढळलेली असणे अत्यावश्यक असते. स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या आमच्या गृहसंस्थेला हे सत्य सिक्स्टेन आल्मलोफमुळे उमगले.

सिक्स्टेन निवृत्त गणितशिक्षक. आईच्या अंत्यविधीनंतर कॉफीला जमलेल्या चारचौघांत त्याने थोरल्या बहिणीचा, गुनवोरचा, पावाच्या थरांचा सँडविच-केक 'कोरडा' ठरवला. गुनवोर बशी तिथेच ठेवून उठली आणि थेट उमेओला आपल्या घरी निघून गेली. आता फोन करून माफी मागायची, एवढं एकच काम उरलं होतं. आणि ते उरल्यामुळे बाकीची सगळी कामं होऊ लागली.

त्याने फोन उचलला, की त्याला तळघरातल्या सामाईक धुलाईखोलीची तुंबलेली जाळी आठवायची. पुढच्या प्रयत्नात सगळ्यांच्या सायकलींना तेल मिळालं. हिवाळ्यात तर बर्फ पायऱ्यांवर पडायच्या आतच उचलला जायचा. (पाहणीत शंभर टक्के रहिवासी समाधानी आढळले. पाहणी मी केली होती, आणि मला स्वतःलाच विचारलं होतं.)

संस्थेचा अध्यक्ष या नात्याने मी सभेत तिसऱ्या मजल्यावरच्या एब्बाचं मत मागितलं. एब्बा मानसशास्त्रज्ञ आहे.

"तो आळशी मुळीच नाही," ती म्हणाली. "त्याला भीती फोनची नाही, फोनवर जी लाज वाटेल तिची आहे. टाळलं की घटकाभर हायसं वाटतं, मग त्याचीच चटक लागते. त्यात स्वभाव काटेकोर. माफीसुद्धा पैकीच्या पैकी मार्कांची हवी, नाहीतर पेपरच नको!"

"आणि इलाज?"

"सोप्पा आहे. शेजारी बसायचं आणि नंबर लावून द्यायचा."

सभेतले सगळे छताकडे बघू लागले. सिक्स्टेनने हाती घेतलेली छपराची डागडुजी तेव्हा अर्ध्यावर होती. सबब, रुग्णावर घाई लादणे माणुसकीस धरून नसल्याने इलाज छप्पर पूर्ण झाल्यावर करावा, असा ठराव झाला. (एकमताने. एब्बाची बाल्कनी गळत होती.) छपरानंतर कुंपण निघालं, कुंपणानंतर जिना.

वसंतात एका दुपारी सिक्स्टेन शिडी घेऊन माझ्या दारात उभा राहिला. चेहरा पांढराफटक.

"पन्हळी साफ करून टाकतो म्हणतो."

"उद्या कर की."

"उद्या नको रे. उद्या गुनवोरच्या हृदयाचं ऑपरेशन आहे. भाचीचा निरोप आलाय. त्याआधी उरकलेलं बरं."

पन्हळी खरोखरच तुंबल्या होत्या, हे नमूद करणे मी माझे कर्तव्य समजतो. तरीही मी शिडीचं दुसरं टोक घट्ट धरलं आणि एब्बाला हाक मारली. तिने नंबर लावून फोन त्याच्या कानाला लावला.

"गुनवोर... मी... तो केक..."

"कोरडाच होता, मेल्या!" आवाज सबंध जिन्यात घुमला. "रडत रडत केला होता, लोणी लावायचंच विसरले. अरे, मीच करणार होते फोन. पण म्हटलं, आधी तेवढा जिना पुसून घेऊ. आमच्या बिल्डिंगवाल्यांनी मला नुसतं डोक्यावर घेतलंय!"

सिक्स्टेन हसला. मग बराच वेळ नुसतं "हो गं, हो गं" म्हणत डोळे पुसत राहिला. मी आणि एब्बा शिडीकडे बघत उभे राहिलो.

संध्याकाळच्या गाडीने तो उमेओला गेला. ऑपरेशन नीट झालं, आणि तो तिकडेच राहिला. दोघं रोज भांडतात आणि कॉफीच्या आत मिटवतात, असं कळतं. त्यांच्या प्रकृतीला हे मानवलं असलं, तरी दोन इमारतींचं नुकसान झालं, त्याची दखल कोणी घेतली नाही.

त्याचा फ्लॅट भाड्याने देणे आहे. अट एकच: उमेदवाराने कुणाला तरी करायचा फोन बरेच दिवस टाळलेला असावा. ताबडतोब अर्ज करणाऱ्यांचा विचार होणार नाही. आणि हे वाचताना ज्यांच्या डोळ्यांसमोर एक नाव येऊन गेलं, पण लगेच घरातलं एखादं किरकोळ काम आठवलं, त्यांनी तर अर्जाची तसदीच घेऊ नये. त्यांची निवड झालेली आहे.