आधी सही, मग झाकण

"चोर खिडकीतून येत नसतो," वकीलबाईंनी चष्मा पुसत सांगितलं होतं. "घरातलंच कुणीतरी वस्तू हातात घेऊन बाहेर पडतं. पेटंटचा अर्ज दाखल होईपर्यंत हे झाकण बाहेरच्या कुणाच्या नजरेस पडता कामा नये. चारचौघांनी पाहिलं की ते नवं राहिलं नाही. मग बसा."

"आमच्याकडून? छे हो!" ती हसली होती. "मी आहे ना!"

ती होती, हे खरं. गॅस बंद केलाय ना, हे बघायला अर्ध्या जिन्यावरून तीनदा परतणारी, मुलीच्या, चिंगीच्या, एकेका द्राक्षाचे चार तुकडे करणारी, ताप नसताना ताप मोजणारी बाई. तिच्या नजरेतून झाकण सुटतंय कशाला?

झाकण पाण्याच्या बाटलीचं होतं. बाटली आडवी पडली, उलटी झाली, की आतली गोळी घरंगळून भोक बंद करायची. थेंब सांडत नसे. दोन वर्षं आणि डझनभर साचे वाया घालवून तिच्या नवऱ्याने ते जमवलं होतं. त्यांच्या छोट्या कारखान्यात एरवी दुसऱ्यांच्या नावाचा माल बनायचा. स्वतःच्या नावाची पहिली वस्तू त्यांनी काढली ती साबणदाणी, आणि मागच्या गल्लीतल्या कारखानदाराने महिन्याभरात तिची हुबेहूब नक्कल बाजारात आणली. तेव्हापासून घरात त्याला 'साबणदाणीवाला' म्हणत. "झाकणही गेलं, तर शेड विकायची," असं नवऱ्याने मान खाली घालून सांगितलं होतं.

म्हणून बंदोबस्त कडक. नमुने तीनच, कुलपात. किल्ली तिच्या गळ्यात. तिच्याहून कडक तिचे सासरे, अण्णा. दारात दूधवाला आला तरी ते उठून कपाटाला पाठ लावून उभे राहत. बाद झालेले नमुने ते स्वतः हातोडीने फोडत. "सूनबाई, हळू बोल. खिडकी उघडी आहे," हे तर दिवसातून दहा वेळा.

गुरुवारी दुपारी चारला अर्ज जायचा होता. सकाळी अकराला तिने उगाच, खात्री म्हणून, कपाट उघडलं. नमुने दोन.

"अरे, तिसरं झाकण तू नेलंस?" तिने कारखान्यात फोन लावला.

"किल्ली कुणाच्या गळ्यात आहे?" नवरा म्हणाला.

आणि तिला आठवलं. काल संध्याकाळी शेवटची चाचणी म्हणून तिनेच ते चिंगीच्या बाटलीवर बसवलं होतं. सकाळच्या घाईत ती बाटली तिनेच भरली, तिनेच दप्तरात कोंबली, वर "सगळं पाणी संपव हं" असंही तिनेच बजावलं होतं.

तिने बालवर्गाच्या बाईंना फोन केला. "बाई, चिंगीची बाटली जरा कपाटात ठेवता? झाकून?"

"का हो?"

आता खरं कारण सांगावं, तर गुपित तिथेच फुटलं. "त्यात… औषध आहे," ती म्हणाली.

"औषध? अहो, चौघांनी प्यायलंय त्यातलं! बाटली उलटी धरून नाचतायत सगळी!"

"तसं काही अपायकारक नाही हो…" पण तोवर बाईंनी चार घरी फोन लावायला घेतले होते.

ती पोचली तेव्हा तिच्या एका पायात स्वतःची चप्पल होती, दुसऱ्यात नवऱ्याची. वर्गात दोन आया आणि एक आजी पोरांना जिभा बाहेर काढायला लावत होत्या. चौथा पालक होता साबणदाणीवाला. त्याचा मुलगा चिंगीचा जिवलग मित्र आहे, हे या डोळ्यांत तेल घालून जगणाऱ्या आईला आज कळलं. तो बाटली उलटी धरून उभा होता आणि झाकणाखाली तळहात धरून न पडणाऱ्या थेंबाची वाट बघत होता.

तिने झडप घालून बाटली ओढली, झाकण काढून मुठीत घेतलं आणि सगळं पाणी घटाघटा पिऊन टाकलं. "बघा! साधं पाणी!"

"मग औषध?" आजींनी विचारलं.

"ते मी खोटं बोलले."

"अगं बाई! का?"

"ते सांगता येणार नाही."

"मी सांगते!" चिंगी बाकावर चढली. "आत गोळी आहे. बाटली पडली की गोळी भोकात जाऊन बसते. माझ्या पप्पांनी केलंय!"

तिने कोपऱ्यात जाऊन वकीलबाईंना फोन केला.

"किती जणांनी पाहिलं?"

"एकोणीस मुलं, बाई, चार पालक."

"कुणाला सांगणार नाही असं ताबडतोब लिहून घ्या. एकूण एकाकडून."

चित्रकलेच्या वहीचा कागद फाडून तिने मजकूर लिहिला. मोठ्यांनी सह्या केल्या, मुलांनी रंगात बुडवून पंजे उमटवले. बाई आता भलत्याच उत्साहात होत्या. "एवढं गुप्त आहे ना, मग निळा नको. लाल घ्या, तो लवकर जात नाही."

फक्त साबणदाणीवाला हाताची घडी घालून उभा होता. "मी नाही करणार."

"अहो, हात जोडते."

"ताई, एकदा केलीय. किती वेळा करू?"

"कुठे?"

"सलूनमध्ये. तुमच्या अण्णांच्या वहीत. सहीशिवाय दाखवतच नाहीत ते. आधी सही, मग झाकण! महिना झाला, आमची अख्खी गल्ली तोंड शिवून बसलीय." मग जरा आवाज उतरवून म्हणाला, "साबणदाणीच्या वेळी कुणी सही मागितली नव्हती."

घरी अण्णांनी बिनदिक्कत कबुली दिली. एक बाद नमुना हातोडीखालून वाचला होता आणि खिशात फिरत होता. "पोराने एवढं केलंय, आणि मी कुणाला सांगूही नको? बोलल्याशिवाय राहवेना. म्हणून रीतसर कागद केला," म्हणत त्यांनी सलूनमधून वही आणून टेबलावर ठेवली. बेचाळीस सह्या, तारखांसकट.

तोवर घरी येऊन पोचलेल्या वकीलबाईंनी पानं उलटली. "अण्णा, माझे अशील इतकं पक्कं काम करत नाहीत हो. सगळे सहीने बांधलेले!" चारला दहा कमी असताना अर्ज गेला.

अण्णांची छाती फुगली. तिचं मात्र लक्ष वहीच्या पहिल्या पानाकडे होतं. ते पुठ्ठ्याला घट्ट चिकटलं होतं. तिने नखाने हळूच सोडवलं. आत झाकणाची सुबक आकृती, गोळीला बाण, मापांसकट.

"अण्णा, हे काय?"

"अगं, कशाबद्दल गप्प बसायचं ते लोकांना कळायला नको?"

"आणि ही वही महिनाभर सलूनमध्ये?"

"आरशाखाली. येणारा-जाणारा चाळायचा."

वकीलबाई पुढे झाल्या, पान नाकाशी नेऊन हुंगलं आणि खुर्चीत बसल्या. दाढीचा साबण. पहिल्याच दिवशी सांडून वाळलेल्या साबणाने दोन वर्षांची मेहनत राखली होती.

आता नवऱ्याने बाटलीचा नवा दांडा बनवायला घेतलाय. वकीलबाईंनी पुन्हा बजावलंय. ती किल्लीसोबत चिंगीचं दप्तरही तपासते. पण आज सकाळी अण्णा गुळगुळीत हनुवटीवरून हात फिरवत "दाढी करून येतो" म्हणून निघाले, काखेत कोरी वही घेऊन, ते अजून आलेले नाहीत. तिला चिंगीला सोडून जाता येत नाही. तुम्ही सलूनच्या बाजूला असाल, तर जरा डोकावून बघता का, काय चाललंय त्यांचं? सही मागितली तर करा. पहिलं पान तेवढं उघडू नका.