लॉइड पंचांची बदकं

“प्लेट झाडताना प्रेक्षकांकडे पाठ करायची नाही! लोक खेळ बघायला येतात, तुझं बूड बघायला नव्हे!”

बेसबॉल पंचांच्या शाळेतले ग्रीली सर असं ओरडून सांगायचे आणि लॉइड प्रुएटनं नऊ वर्षं ते निष्ठेनं पाळलं होतं. आयोवातल्या या छोट्या मैदानावरही दुसऱ्या डावात तो होम प्लेटला, म्हणजे बॅटरपाशी जमिनीत बसवलेल्या पांढऱ्या पाटीला, वळसा घालून पुढे आला, प्रेक्षकांकडे तोंड करून वाकला आणि ब्रश फिरवणार तोच मागे टर्रकन आवाज झाला.

समोरून चेंडू फेकणारा पिचर हातमोज्यात तोंड खुपसून हसायला लागला. आज आपण बायकोनं हौसेनं आणलेली पिवळ्या बदकांची चड्डी घातली आहे, हे लॉइडला तेव्हा आठवलं.

आता परत चेंडू झेलणाऱ्या कॅचरच्या मागे उभं राहायचं म्हणजे पाठ प्रेक्षकांकडेच! त्यातही पहिल्या रांगेत बसलेल्या परीक्षकाकडे. लॉइडला मोठ्या साखळी स्पर्धेत घ्यायचं की नाही, हे तो आज ठरवणार होता. लॉइडनं कमरेची चेंडूंची पिशवी मागे सरकवून बदकं झाकली. पण वाकलं की पिशवी सरकायची, त्यामुळे वाकायची सोय उरली नाही. ताठ उभ्यानं खालचे चेंडू नीट दिसेनात. जमीन खरवडत गेलेल्या एका चेंडूला त्यानं चक्क ‘स्ट्राइक!’ म्हणत बॅटरविरुद्ध निर्णय दिला.

यजमान संघाचा मॅनेजर टिबेट्स तरातरा मैदानात आला.

“अरे आंधळ्या, त्या चेंडूखाली मुंगी चिरडली!” म्हणत त्यानं प्लेटवर माती उडवायला पाय उचलला.

“माती नको, टिबेट्स, पाया पडतो,” लॉइड पुटपुटला. “झाडायला वाकता येत नाही. पँट फाटलीय.”

टिबेट्सनं मागे जाऊन पिशवी उचलली. “अरे देवा! बदकं?”

“हळू! परीक्षक बघतोय.”

टिबेट्स विरघळला. बॅटच्या मुठीला गुंडाळायची चिकटपट्टी त्यानं खिशातून काढली आणि लॉइडच्या पाठीला खेटून उभा राहिला.

“तुला पंच कुणी केलं रे गाढवा! जरा डावीकडे हो. घरी जाऊन कोंबड्या पाळ! श्वास रोख, आता चिकटवतो.”

प्रेक्षक खूश होऊन टाळ्या पिटत होते.

“लाज राखलीत,” लॉइड म्हणाला. “मी काय करू तुमच्यासाठी?”

“सातव्या डावात मी शिव्या देत येईन, तेव्हा मला मैदानाबाहेर हाकलून दे. पाच वाजता नातीचं नाटक आहे, ती भोपळा झालीय. मालक सोडत नाही रे.”

“शब्द देतो.”

मग लॉइड मनसोक्त वाकला. निर्णय असे बिनचूक, की परीक्षक मान डोलवू लागला. सातवा डाव आला. टिबेट्सचा संघ अकरा धावांनी पुढे, तक्रारीला जागाच नाही. पावणेपाच वाजले, तरी टिबेट्स येईना. लॉइडनं वळून पाहिलं. बाकावर तोंडावर टोपी ओढून, हात पोटावर ठेवून टिबेट्स गाढ झोपला होता.

परीक्षकानं अहवालाच्या शेवटच्या ओळीवर पेन टेकवलं होतं.

लॉइडनं खेळ थांबवला, मास्क काढून काखेत धरला आणि झोपलेल्या टिबेट्सला हाकलून द्यायला त्या बाकाकडे चालू लागला.