सकपाळसाहेबांचं समुद्रकाठचं हॉटेल

रविवारी सकाळी नऊच्या सुमारास रस्त्यावरून वर पाहिलं, की तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीच्या कठड्यामागे सकपाळसाहेबांचं फक्त डोकं दिसायचं. डोक्यावर ओला नॅपकिन, चौकोनी घडी करून ठेवलेला. डोळे मिटलेले. नव्या भाडेकरूंना वाटायचं, वर कुणी साधू बसलाय. आम्ही सांगायचो, साधू नाही, सकपाळ आहेत. जपानमध्ये बसलेत.

कठड्याआड निळ्या प्लॅस्टिकचं, वरून अर्धं कापलेलं पिंप होतं. पिंपात गरम पाणी आणि पाण्यात सकपाळ. समोर मिठागरं आणि त्यापलीकडे भाईंदरची खाडी. खाडीला ते समुद्र म्हणायचे. कुणी हटकलं तर शांतपणे विचारायचे, "पुढे समुद्रालाच मिळते ना?"

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी त्यांच्या कंपनीने त्यांना छपाईचं नवं यंत्र शिकायला तीन आठवडे जपानला पाठवलं होतं. त्या यंत्राबद्दल सकपाळ कधी अवाक्षर बोलले नाहीत. पण परतण्याआधी यजमानांनी त्यांना दोन दिवस समुद्रकाठच्या, गरम पाण्याच्या झऱ्यावरच्या एका हॉटेलात ठेवलं होतं. ते दोन दिवस सकपाळ आम्हाला पुढे पाच वर्षं वाढत होते, तेही आग्रह करकरून.

जेसल पार्कातल्या आमच्या इमारतीचा मी सेक्रेटरी होतो आणि सकपाळांच्या बरोबर खालच्या घरात राहत होतो. त्यामुळे या हॉटेलाचा सर्वात जास्त लाभ मलाच झाला. दारात आपल्या चपला काढायच्या, त्यांनी दिलेल्या रबरी सपाता घालायच्या. संडासाच्या दाराशी त्या काढून दुसऱ्या घालायच्या. "ती जोडी घालून माणूस खोलीत आला, तर तिकडे लोक लाजेने अर्धे होतात," असं ते सांगायचे. त्यांची खोली दहा फुटांची. दहा फुटांत तीनदा पादत्राणं बदलणारं भाईंदरमधलं ते एकमेव घर असावं.

स्वतः ते तिथून भेट मिळालेला निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा सुती झगा घालून दूध आणायला जायचे. दूधवाला त्यांना डॉक्टर समजून कंबरदुखी सांगायचा.

दाराशी सपातांची आणखी एक जोडी असायची. लहान, कापडी, बायकी. एकदा घाईत मी तिच्यात बोटं घातली, तर कधीही आवाज न चढवणारे सकपाळ एकदम म्हणाले, "ती नको, कदमसाहेब. ती मंडळींची."

मंडळी म्हणजे त्यांची पत्नी. ती चिपळूणकडच्या गावी, अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांचं करत होती. ती मे महिन्यात येणार होती. कोणत्या मे महिन्यात, हे सकपाळ सांगत नसत. पिंप, सपाता, खाडीकडे तोंड केलेला पाट, सगळं तिच्यासाठी तयार ठेवलंय, एवढंच सांगत. इमारतीत कुणाचा विश्वास नव्हता. माझ्या बायकोचं मत होतं, की बाई असेल तर शहाणी असेल, म्हणूनच गावाला आहे.

"आधी धुवा, मग बुडा," हा त्यांचा मंत्र. पिंपाबाहेर पाटावर बसून दोन तांब्यांत अंग घासून घ्यायचं आणि स्वच्छ होऊनच पाण्यात उतरायचं. म्हणजे पाणी मळत नाही. रविवारी भरलेलं पिंप ते विजेची कांडी लावून पुन्हा पुन्हा गरम करत आणि चार दिवस वापरत. मग त्याच पाण्याने लादी, मग संडास. आमच्याकडे नळाला एक दिवसाआड चाळीस मिनिटं पाणी यायचं. खरं म्हणजे आमच्यात सर्वात कमी पाणी तेच वापरत. पण हे समजून घ्यायला सेक्रेटरी असून चालत नाही.

तळमजल्यावरचे शहाभाई मला म्हणायचे, "सेक्रेटरीसाहेब, चार दिन वही पानी में बैठता है. ये नहाना है के अचार डालना?" मी हसायचो. नंतर हा विनोद मी माझा म्हणून चार ठिकाणी सांगितला.

मग एका एप्रिलमध्ये माझ्या स्वयंपाकघराच्या छताला ओल आली.

ओल कुठून येते, हे विचारायचीही गरज नव्हती. वर जपान होतं. मी सभा बोलावली. स्लॅबवर पडणारं वजन, गळती, इमारतीची शोभा, अशा विषयांवर मी जे बोललो, ते आठवलं की आजही कान तापतात. ठराव झाला, आठ दिवसांत पिंप हलवावं.

सकपाळ उभे राहिले. त्यांनी वाद घातला नाही. "पंधरा दिवस द्या," एवढंच म्हणाले. "मंडळी येतायत. नक्की झालंय. तिची बहीण चार दिवस म्हाताऱ्याजवळ बसणार आहे."

सगळे हसले. मी सर्वांच्या वर आवाज काढून म्हणालो, "साहेब, वहिनी येऊ द्या, मी स्वतः बादल्या भरून वर आणतो." त्यावर टाळ्या पडल्या. सकपाळ माझ्याकडे पाहत राहिले. मला वाटतं, त्या सभेत माझं बोलणं खरं मानणारे ते एकटेच होते.

आठव्या दिवशी त्यांनी पिंप भंगारवाल्याला देऊन टाकलं. आणि त्यानंतर पाचव्या दिवशी, पत्र्याची ट्रंक घेतलेली एक बारीक बाई जिन्यात मला म्हणाली, "सकपाळ इथंच राहतात ना हो? जपानचे?"

तिच्या टाचा मी पाहिल्या. वाळलेल्या शेतासारख्या फुटलेल्या होत्या.

दोन दिवस मी जिन्याने जाताना पाय न वाजवता गेलो. तिसऱ्या दिवशी नळाला पाणी आलं, आणि छताची ओल वाढली. वर तर आता पिंप नव्हतं.

आता जे लिहायचं ते लिहितो. माझ्या पोटमाळ्यावर, जुन्या गाद्यांच्या आड, पाण्याची एक चौकोनी टाकी होती. घरात जादा टाकी ठेवू नये, असं परिपत्रक मीच काढलं होतं. प्लंबर वर चढला आणि हसायला लागला. टाकीच्या नळाचा जोड सुटला होता, आणि पाण्याची बारीक पिचकारी थेट छतावर उडत होती. मला हे तोवर ठाऊक नव्हतं, असं मी बायकोला सांगितलं. पण ओल नळाच्या दिवशी वाढते, रविवारी नाही, हे मी सभेच्या आधीच पाहिलं होतं. पाहिलं, आणि त्यावर विचार करायचं टाळलं.

चौथ्या दिवशी सकाळी मी टाकी खांद्यावर घेऊन वर गेलो. सकपाळांनी दार उघडलं. मी सगळं सांगितलं, एका दमात. ते टाकीकडे बघत होते. पाय पसरून नाही, पण गुडघे जवळ घेऊन एक माणूस तिच्यात बसला असता.

"आधी धुवायला लागेल," ते म्हणाले. रागाने नाही. टाकीबद्दलच.

आम्ही दोघांनी गॅलरीत बसून टाकी घासली. वहिनी आत ट्रंक भरत होत्या. संध्याकाळची गाडी होती. आठ वर्षांच्या संसारात चार दिवस मिळाले होते, त्यातले तीन मी खाल्ले होते. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "साहेब, दोन दिवस राहिलात, पण ते हॉटेल काही तुम्हाला सोडत नाही."

सकपाळ नारळाच्या काथ्याने कोपरा घासत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "खोलीत सगळं दोघांचं होतं. माझ्याबरोबरचा माणूस आजारी पडून शहरातच राहिला. दोन झगे, दोन कप, सपातांचे दोन जोड. संध्याकाळी एक बाई आली, तिने शेजारी शेजारी दोन गाद्या घातल्या. एकच पुरे, हे तिला सांगता येईना. मग मी म्हटलं, असू दे." काथ्या पिळत ते म्हणाले, "इतक्या वर्षांत कुणी आमची दोघांची अशी गादी घातली नव्हती."

हा भाग त्यांनी पाच वर्षांत कुणालाही वाढला नव्हता.

मी खाली गेलो आणि बादल्या आणायला लागलो. सात बादल्या. प्रत्येक खेपेला दारात चपला काढल्या, सपाता घातल्या, गॅलरीशी त्या काढल्या. शहाभाई जिन्यात उभे राहून बघत होते. शेवटच्या खेपेला पाहिलं, तर लहान कापडी जोडी जागेवर नव्हती. आतून सकपाळांचा आवाज आला, "आधी धुवायचं, मग बुडायचं." आणि एका बाईचं हसू, "कळलं वो, पाच वर्षं लिवतायसा पत्रात." मी दार ओढून घेतलं.

दुपारी आमच्या गॅलरीत थेंब पडायला लागले. वर पाहिलं. दोरीवर दोन झगे वाळत होते, निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे, एक मोठा आणि एक लहान. लहान झग्यावर घडीच्या रेघा पाण्यानेही गेल्या नव्हत्या. वरच्या मजल्यावरचे ओले कपडे खाली ठिबकता कामा नयेत, हा नियमही माझाच.

माझा वाळत आलेला शर्ट मी दोरीवरून काढून आत नेला.