पाहुण्यांसाठी राखलेले मुळे

मुळा कसा लावावा हे मला कुणी शिकवू नये! मुलुंडला आमच्या बिऱ्हाडामागे विहिरीलगत हातभर जागा होती. तिथं मी वाफा केला, बी पेरलं, रोपं दाट झाली तशी विरळ केली, ऑफिसातून आल्यावर कपडेसुद्धा न बदलता पाणी घातलं. मुळे असे पोसले की शेजारी कुंपणाशी उभे राहून बघायचे! काढायला आले तरी मी एकाला हात लावू दिला नाही. माझ्या बहिणीला, उत्तराला, बघायला गिरगावातून माणसं यायची होती. त्यांच्यासाठी ते राखून ठेवले.

आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. हे स्थळ जमावं म्हणून माझा जीव टांगणीला लागला होता. गिरगावकरांना मुलुंड म्हणजे परगावच, तेव्हा जेवूनच जा, असा आग्रहाचा निरोप मी धाडला.

रविवारी सकाळी मी मुळे किसायला बसलो.

"दादा, मुळा नको रे," उत्तरा म्हणाली.

"तुला वास आवडत नाही, ठाऊक आहे मला!"

"वासाचं नाही रे, ऐक तर..."

"एक अक्षर बोलू नकोस! आज तू फक्त लाजायचं!"

पाहुणे आले. मुलगा श्यामसुंदर, त्याचे वडील भाऊसाहेब आणि आई माणिकबाई. पानं वाढली. मुळ्याची कोशिंबीर, पाल्याची भाजी, आमटीतही मुळाच! तिघांचे हात थबकले. भाऊसाहेब नुसत्या वरणभाताला भिडले. माणिकबाईंनी कोशिंबीर हळूच पानाच्या कडेला सारली.

माझ्या लगेच लक्षात आलं. यांना मुळे बाजारचे वाटताहेत!

"घरचे आहेत हो!" म्हणत मी मागे धावलो, एक मुळा मातीसकट उपटला आणि माणिकबाईंच्या नाकासमोर धरला. माती त्यांच्या वरणात पडली.

"छान आहे, छान आहे," भाऊसाहेब घाईघाईनं म्हणाले. पण खाईना कुणी!

म्हणजे तिखट असेल अशी शंका! मी मुळा धोतराला पुसला आणि कचकन चावा घेतला.

"बघा! साखर आहे साखर!"

माणिकबाईंनी डोळे मिटले. "आज तिथी कोणती हो?"

"रविवार!"

"वार नव्हे, तिथी."

स्वयंपाकघराच्या दारातून उत्तराचा बारीक आवाज आला, "माघ शुद्ध द्वितीया."

"माघात मुळा खात नाहीत," माणिकबाई मला म्हणाल्या, अगदी बालवर्गातल्या पोराला सांगावं तसं.

अख्खा पौष मी ते राखले होते! तोंडातला घास गिळवेना आणि थुंकवेना. त्या वाफ्यात स्वतःलाच पुरून घ्यावंसं वाटलं.

"तुला ठाऊक होतं ना गं?" माणिकबाईंनी उत्तराला विचारलं. "मग सांगायचं नाही?"

"चुकलं माझं," उत्तरा मान खाली घालून म्हणाली.

हे ऐकून मात्र मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी घास कसाबसा गिळला.

"नाही हो! ती सकाळपासून सांगत होती. मीच तिला बोलू दिलं नाही."

माणिकबाईंनी उत्तराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, वरणातल्या मातीकडे पाहिलं.

"मुलगी पसंत आहे," त्या म्हणाल्या. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. मग आवाज खाली आणून, अगदी मनापासून त्यांनी विचारलं, "पण हिला आम्ही नेल्यावर तुमचं कसं व्हायचं हो?"